हो, बस दिसली होती

रस्त्याला फूटपाथ नसेल तर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावे. समोरून येणारे वाहन दिसते, वेळेवर बाजूला होता येते. डाव्या कडेने चालले तर वाहन पाठीमागून येते आणि आपला जीव सर्वस्वी दुसऱ्याच्या लक्षावर राहतो. हे मला नागपूरला शाळेत स्काउटच्या मास्तरांनी शिकवले, लग्नानंतर मी बायकोला शिकवले आणि तिने जयपूरला येऊन एका अख्ख्या शाळेला शिकवले. नियम बरोबर होता. तो आजही बरोबर आहे असे माझे मत आहे, आणि न्यायाधिकरणाच्या निकालाने माझ्या मतात फरक पडलेला नाही. फरक पडला तो आमच्या घरात.

मी केंद्र सरकारच्या हिशेब तपासणीच्या खात्यात नोकरीला. जयपूरला बदली झाली तेव्हा पन्नासचे दशक सरत आले होते. राजा पार्कात दोन खोल्या आणि पुढे व्हरांडा अशी जागा भाड्याने मिळाली. शेजार बहुतेक फाळणीत सगळे मागे टाकून आलेल्या पंजाबी लोकांचा. माणसे मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. समोरचा रस्ता म्हणजे मधोमध डांबराची पट्टी आणि दोन्ही अंगांना वाळूची कच्ची कड. त्या कडेला तिथे पटरी म्हणतात. पटरीवर खाटा, तंदूर, बांधलेल्या म्हशी, आणि उरलेल्या जागेत माणसांनी चालायचे. डांबरावरून सायकली, टांगे, छपरासाठी लागणाऱ्या दगडी पट्ट्या लादलेल्या उंटगाड्या आणि आमच्या भागातून वळसा घालून सांगानेरला जाणाऱ्या खाजगी बसगाड्या. सांगानेरच्या कापडछपाईच्या कारखान्यांत काम करणारे लोक त्या बसच्या टपावरसुद्धा बसलेले असत.

घरापासून जवळच मुलींची एक खाजगी शाळा होती. बायको तिथे शिवणकाम आणि खालचे वर्ग शिकवू लागली. मुख्याध्यापिकेला सगळे 'बड़ी बहनजी' म्हणत. पहिल्या वर्षीच बड़ी बहनजींनी शाळा सुटल्यावर लहान मुलींना चौकापर्यंत सोडण्याचे काम बायकोकडे दिले. तिने काय केले, तर मुलींच्या जोड्या लावल्या, एकीने दुसरीचा हात धरायचा, आणि सगळी रांग उजव्या पटरीवरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून न्यायची. जयपुरात असे कोणी कधी पाहिले नव्हते. तिथे जो तो डावीकडून चालतो, कारण चौकातल्या खांबावर नगरपालिकेची पाटी आहे: 'बाएँ चलिए.'

आमच्या घरासमोर एका सरदारजींची लाकूड-कोळशाची वखार होती. ते पटरीवर खाट टाकून बसत. रांग दिसली की ओरडत, "लो जी, मराठी बहनजी की उलटी बरात आ गई!"

बायकोही कमी नव्हती. "दूल्हा तो आप ही हैं, सरदारजी. खाट हटाइए, बरात को रास्ता दीजिए."

सरदारजी हसत हसत खाट उचलून उभे राहत. पुढे पुढे रांग यायच्या वेळी खाट आपोआप आत जाऊ लागली. बायकोला त्या कामाचा अभिमान होता. शिवण कोणीही शिकवील, म्हणायची, पण हे माझे काम आहे. आमची मुलगी त्याच शाळेत, त्याच रांगेत असे आणि घरी येऊन सांगे, "बाबा, आज आईने टांगेवाल्याला इतकं झापलं, मतलब, तो घोड्याच्याच मागे लपला."

अशी काही वर्षे गेली. साठ साल उलटून गेले होते. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या बेतात होत्या आणि लूचे गरम वारे सुरू झाले होते. बायको मुलींना चौकात सोडून एकटी घरी परतत होती, अर्थातच उजव्या पटरीवरून. समोरून एक उंटगाडी येत होती आणि तिच्या मागे सांगानेरची बस. उंटगाडी डांबराच्या मधोमध चालली होती. बसवाल्याने भोंगा वाजवला, उंट हलला नाही. उजवीकडून पुढे काढायला जागा होती, पण तिकडून दोन सायकली येत होत्या. तेव्हा बसवाल्याने बस डावीकडून पुढे काढायचे ठरवले, म्हणजे पटरीवरून. त्याच पटरीवर बायको उभी होती. तिच्या बाजूला आणि मागे दूरपर्यंत नगरपालिकेने नळासाठी खणून उघडा ठेवलेला चर होता. बसने तिला धक्का दिला, ती चरात पडली, डावा पाय कडेवरच राहिला आणि बसचे मागचे चाक त्यावरून गेले.

सरदारजी आणि त्यांचे हमाल धावले. त्यांनी तिला वखारीच्या हातगाडीवर घालून इस्पितळात नेले. मी कचेरीतून पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. तिने पहिले विचारले ते असे, "मुली पोचल्या ना हो?"

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर निघाले तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड झाला होता. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या, सवय होईल.

शाळेने जागा लगेच काढून घेतली नाही, हे मला नमूद केले पाहिजे. बड़ी बहनजी फळे घेऊन घरी आल्या, पलंगाजवळ बसल्या, तिचा हात हातात घेऊन रडल्या. पण जाताना व्हरांड्यात मला हळूच म्हणाल्या की काही पालक कमिटीकडे गेले आहेत. त्यांचे म्हणणे, जी बाई स्वतः गाडीखाली आली तिच्या हाती आम्ही आमच्या मुली कशा द्यायच्या? आणि ती सगळ्या मुलींना उलट्या बाजूने का चालवते?

"चूक बसवाल्याची होती," मी म्हणालो.

"मी कुठे नाही म्हणते? पण माझ्या म्हणण्याने काय होतं? अदालत का फ़ैसला आ जाने दीजिए. फैसल्यात बहनजींची चूक नाही असं आलं की मी कमिटीच्या तोंडावर कागद ठेवीन. तोवर जागा रिकामी ठेवते. ज़बान देती हूँ."

बायकोने हे खिडकीतून ऐकले होते. त्या दिवसापासून आमचा दावा नुकसानभरपाईचा राहिला नाही. निदान तिच्यासाठी तरी नाही. तिला एक वाक्य लिहून हवे होते: हिची चूक नव्हती. त्या वाक्यावर तिची शाळा अवलंबून होती.

मोटार अपघातांचे दावे ऐकण्यासाठी वेगळे न्यायाधिकरण तेव्हा नवेच निघाले होते. साध्या माणसाला दिवाणी कोर्टाची फी भरून वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून. हेतू चांगला होता. पण हे आहे कुठे, अर्ज कसा करायचा, हे निम्म्या वकिलांनाही ठाऊक नव्हते. मुदत फार थोडी असे. अनेकांची मुदत इस्पितळातच संपून जात असणार. आमचा अर्ज वेळेत गेला, कारण मला कायदा वाचायची सवय आहे. बायकोने पलंगावर पडूनच सही केली.

मी मोटारगाड्यांचा कायदा अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात दिव्यांबद्दल आहे, भोंग्याबद्दल आहे, परवान्यांबद्दल, वजनाबद्दल, विम्याबद्दल आहे. पायी माणसाने रस्त्याच्या कोणत्या कडेने चालावे याबद्दल मला त्यात एक ओळ सापडली नाही. 'बाएँ चलिए' ही पाटी वाहनांसाठी आहे. हे मी कागदावर लिहून वकिलांना दिले. एका रविवारी सरदारजींच्या हमालाला टेपचे दुसरे टोक धरायला लावून रस्ताही मोजला. डांबर अठरा फूट. त्या बाजूची पटरी नऊ फूट, पण चर होता तिथे चालायला फक्त चार. बसची रुंदी पाहता ती पटरीवर न उतरता डावीकडून पुढे जाणे शक्यच नव्हते. याचा नकाशा मी मोजमापांसह काढला.

आमचे वकील जयपूरचेच, वयस्क, पान खाणारे, स्वभावाने भले. नकाशा पाहून म्हणाले, "वाह. पण साहेब, मुकदमा फुटपट्टीवर जिंकत नसतात. मुकदमा गवाहीवर जिंकतात." मग बायकोकडे वळून म्हणाले, "बहनजी, तिथे तुम्हाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. बस अचानक आली. तुम्ही पाहिलीच नाही."

"पण मी पाहिली," बायको म्हणाली.

"पाहिली असेल. पण सांगायचं नाही."

"पाहण्यासाठीच तर मी त्या बाजूनं चालते. पाहिली नाही म्हटलं तर मग मी त्या बाजूनं का चालत होते?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. नवरा मदतीला येईल असे त्यांना वाटले असावे. मी म्हणालो, "खरं आहे ते ती सांगेल."

"आप लोग कहाँ से आए हैं?" वकील म्हणाले आणि पान थुंकायला उठले.

सरदारजींचेही तेच. ते साक्षीला एका पायावर तयार होते. म्हणाले, "मैं तो कह दूँगा जी, बस हवाई जहाज़ की तरह आ रही थी. ड्राइवर ने पी रखी थी."

"प्यायलेला होता? तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं नाही, पण इतना बेवक़ूफ़ आदमी बिना पिए कैसे हो सकता है?"

मी त्यांना सांगितले की जेवढे पाहिले तेवढेच सांगा, आपली बाजू खरी आहे, तिला खोट्याचा टेकू नको. सरदारजी म्हणाले, "बाबूजी, आप मुक़दमा जीतने चले हो या इम्तहान देने?"

दरम्यान फौजदारी खटला आटपला. ड्रायव्हरने निष्काळजीपणाने गाडी हाकल्याचे कबूल केले, किरकोळ दंड भरला आणि त्याच संध्याकाळी सांगानेरची फेरी नेली. मला वाटले, चला, आता कबुलीच झाली, उरले काय? वकील म्हणाले, तिथली कबुली तिथे. इथे सगळे नव्याने सिद्ध करायचे असते.

सुनावणीच्या दिवशी बायकोने काठी बाहेर माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिली. काठी घेऊन उभी राहिले तर दया मागितल्यासारखे दिसते, असे तिचे मत. विमा कंपनीचे वकील तरुण होते, अत्यंत अदबशीर. आधी त्यांनी तिच्या पायाची चौकशी केली, खुर्ची मागवली. मग विचारले की चौकात 'बाएँ चलिए' अशी पाटी आहे, ती आपण वाचली आहे का?

"वाचली आहे. ती गाड्यांसाठी आहे."

"पाटीवर गाड्यांसाठी असं लिहिलंय?"

"नाही."

"आपण राहता त्या भागात बाकीचे लोक कोणत्या बाजूने चालतात?"

"डाव्या."

"सगळे?"

"बहुतेक सगळे."

"आणि आपण उजव्या. बरं. त्याचं कारण?"

इथे आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. बायकोने कारण सांगितले, शाळेत मुलींना सांगायची तसे सांगितले, हात करून. समोरून येणारी गाडी दिसते. गाडी दिसली की माणूस सावध होतो.

"फार छान," विमा कंपनीचे वकील म्हणाले, आणि खरोखरच कौतुकाने म्हणाले असे मला वाटले. "म्हणजे त्या दिवशी बस आपल्याला दिसली होती?"

"हो, दिसली होती."

"किती लांबून?"

"पाण्याच्या टाकीपासून."

"पटरीवर उतरताना दिसली?"

"हो. ड्रायव्हरही दिसला. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलत होता. हसत होता."

"हसताना दिसला. म्हणजे चांगलं स्पष्ट दिसत होतं. मग आपण बाजूला का झाला नाहीत?"

"बाजूला चर होता."

"मागे फिरायचं."

"मागेही चर होता. आणि मला वाटलं, तो मला बघेल. मी त्याला बघत होते, म्हणून तोही मला बघेल असं वाटलं."

"आपको लगा," वकील म्हणाले आणि बसले.

तिच्यानंतर माझा नकाशा पुढे आला. न्यायाधीशांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला. "आप इंजीनियर हैं?"

"नाही साहेब. हिशेब तपासनीस."

"तो हिसाब देखा कीजिए. सड़क सरकार देख लेगी."

सगळे हसले. विमा कंपनीचे वकील तेवढे हसले नाहीत. तो माणूस खरोखर सभ्य होता. सरदारजींनी साक्ष दिली. जेवढे पाहिले तेवढेच सांगितले, माझ्याकडे रागाने बघत. बस पटरीवर आली, बहनजी उभ्या होत्या, धक्का लागला. त्यांना उलट विचारले, मराठी बहनजी रोज अशाच उलट्या बाजूने चालतात काय, तुम्ही त्यांना त्यावरून काही म्हणत होता काय? सरदारजींचा चेहरा पडला. कोणीतरी बाजारातून ऐकून गेले होते. "हँसी-मज़ाक़ करते थे जी," ते म्हणाले. न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगून ते लिहून घेतले.

निकालाच्या आधी एकदा तडजोडीचा निरोप आला. रक्कम वाईट नव्हती. आमचे वकील कागद घेऊन घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सही कर दीजिए. गवाहीनंतर यापेक्षा चांगलं मिळणार नाही."

बायकोने विचारले, "यात चूक कोणाची असं लिहिलंय?"

"काहीच लिहिलेलं नाही. समझौते में ग़लती किसी की नहीं होती, बहनजी. यही तो उसकी ख़ूबी है."

"मग हा कागद मी बड़ी बहनजींना दाखवला तर त्या काय वाचतील?"

मला ती रक्कम हवी होती. घरात खर्च होते, मुलगी वरच्या वर्गात गेली होती. पण पाय तिचा होता. तिने कागद घडी करून वकिलांच्या कपाखाली ठेवला. ते तो घेऊन गेले.

निकाल इंग्रजीत होता. बायकोला इंग्रजी येत नव्हते, म्हणून व्हरांड्यात बसून मी तो तिला मराठी करून वाचून दाखवला. सुरुवातीची पाने पक्षकारांची, पॉलिसीची, अपघाताच्या जागेची. मग मूळ मुद्दा. ड्रायव्हरने डावीकडून पुढे जाण्यात निष्काळजीपणा केला. माझा आवाज चढला असावा, कारण ती पुढे सरकली. पण अर्जदार महिला सर्वसाधारण रिवाजाविरुद्ध रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चालत होती, आणि बस येताना स्पष्ट दिसत असूनही तिने स्वतःच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेतली नाही. दोन्ही पक्षांचा दोष सारखा आहे. म्हणून भरपाई अर्धी.

मी हे वाक्य वगळून पुढे जाऊ शकलो असतो, तिला कळले नसते. पण ती वगळायची ओळ नव्हती, तीच तर ओळ होती.

"परत वाचा," ती म्हणाली. मी परत वाचले.

"म्हणजे मी न बघता चालले असते तर?"

"तर पाठीमागून धडक बसली असती. मग तुझा काही दोष नसता. पूर्ण मिळाली असती."

"जो बघतो त्याचा दोष."

"या कागदाप्रमाणे."

मग म्हणाली, "हे न्यायाधीश रस्ता कसा ओलांडत असतील हो?"

"मोटारीत बसून."

मला त्या निकालाबद्दल एवढेच म्हणायचे आहे. ती खोटे बोलली असती तर जिंकली असती. सरदारजी खोटे बोलले असते तर कदाचित ड्रायव्हरची नोकरी गेली असती. उंटगाडीवाल्याला कोणी बोलावलेच नाही. चर उघडा टाकणाऱ्या नगरपालिकेला कोणी विचारले नाही. अर्जात तिचे नाव घालावे असे मी म्हणालो होतो, तर वकील म्हणाले, साहेब, इथे फक्त गाड्यांवर दावा चालतो, खड्ड्यांवर नाही. सगळ्या रस्त्यावर एकच माणूस नियम पाळून, डोळे उघडे ठेवून उभा होता आणि अर्धी चूक त्याच्या वाट्याला आली. अर्ध्या चुकीत ड्रायव्हर, बसमालक, नगरपालिका, उंट. उरलेल्या अर्ध्यात माझी बायको. मी आयुष्यभर वाटण्या तपासल्या आहेत. अशी वाटणी एखाद्या कारकुनाने माझ्यापुढे आणली असती तर मी ती लाल शाईने परत पाठवली असती.

अपिलाचा विचार निघाला. वकील म्हणाले, अपील केले तर विमा कंपनीही करील, आहे तेही अडकेल. बायको म्हणाली, नको. पुन्हा तिथे उभी राहिले तर पुन्हा हेच विचारतील, बस दिसली होती का. आणि मी पुन्हा हेच सांगणार.

बड़ी बहनजी स्वतः आल्या, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. या वेळी फळे नव्हती, मिठाई होती.

"मुबारक हो. जीत तो गईं."

"अर्धी," बायको म्हणाली.

"अर्धी म्हणजे काय थोडी झाली?" मग खुर्चीच्या कडेवर बसून त्या साडीचा पदर नीट करू लागल्या. "आता कमिटीत कसं सांगू? त्यांनी सरळ विचारलं, अदालतने चूक मानली की नाही? अर्धी तो मानी न. मी काय बोलणार?"

"अर्धी माझी मानली हे त्यांनी वाचलं. अर्धी ड्रायव्हरची मानली, तेही वाचलं असेल. त्याची बस चालू आहे का?"

"वो तो... चल रही है."

"मग माझी रांग का नाही?"

बड़ी बहनजी रडल्या. त्यांना रडू लवकर येई. शिवणाचे तास ठेवा, त्या म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा, मुलींना चौकापर्यंत न्यायचे तेवढे नको. बायको म्हणाली, नाही. शिवण कोणीही शिकवील.

शाळेने नवी व्यवस्था केली. एक तरुण शिक्षिका आली आणि रांग डाव्या पटरीवरून जाऊ लागली, येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून. आमच्या व्हरांड्यातून ती दिसे. पहिल्या दिवशी बायकोने राहवेना म्हणून एका मुलीला हाक मारून सांगितले, "पीछे देखो, पीछे टांगा आहे!" मुलगी बिचारी थांबली, मागे बघू लागली, मागची जोडी तिच्यावर आदळली. नवी शिक्षिका ओरडली, "आगे देखो! किसने कहा पीछे देखने को?" त्यानंतर शाळा सुटायच्या वेळी बायको आतल्या खोलीत जाऊन बसू लागली.

शाळेत तिची कात्री, कापडाचे नमुने आणि काही पुस्तके होती. ती आणायला एका दुपारी आम्ही दोघे गेलो. जाताना सायकलरिक्षा मिळाली, येताना मिळेना. ऊन फार होते. पायाला तेवढे चालणे शक्य नव्हते. सांगानेरची बस आली आणि मी हात केला. चढल्यावर पाहिले, ड्रायव्हर तोच.

त्यानेही ओळखले. तोंड चुकवील असे मला वाटले होते. पण त्याचा चेहरा उजळला. पुढच्या बाकावरच्या माणसाला त्याने उठवले. "उठ भाई, बहनजी को बैठने दे. बैठिए, आराम से. पैर कैसा है?"

बायको बसली.

गाडी हाकता हाकता तो अर्धा मागे वळून बोलत होता. "मालिक ने बताया था फ़ैसला. अच्छा हुआ जी. दोनों की थी तो दोनों की लिख दी. आधी आपकी, आधी हमारी. दिल में कुछ मत रखना, बहनजी."

त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, हे मला अजून आठवते. एकाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाशी बोलावे तशा आपुलकीने तो बोलत होता. कंडक्टर तिकिटे फाडत आला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "इनसे मत ले." बायको म्हणाली, "टिकट दीजिए." तिचा आवाज ऐकून कंडक्टरने मुकाट्याने तिकिटे दिली.

"समोर बघा," ती मग ड्रायव्हरला मराठीतच म्हणाली. त्याला काय कळले कोण जाणे, पण तो समोर बघू लागला.

आमचे घर रस्त्याच्या पलीकडे पडत होते. त्याने बस थांबवली, एवढेच नाही, तर आम्ही उतरल्यावर ती रस्त्यावर आडवी घातली. मागून टांगा येत होता त्याला खिडकीतून हात दाखवून थांबवले. समोरच्या सायकलवाल्यांवर ओरडला. "जाइए बहनजी! कोई नहीं आएगा. मैं खड़ा हूँ न."

मी एक पाऊल पुढे टाकले. ती जागची हलली नाही. काठी वाळूत रोवून उभी राहिली.

"जाइए, जाइए!"

"आप जाइए," बायको म्हणाली.

टांगेवाला शिव्या देऊ लागला. बसमधले लोक डोकी बाहेर काढून बघत होते. वखारीतून सरदारजी उठून उभे राहिले. ड्रायव्हरने आणखी एकदा हात हलवला, खांदे उडवले आणि बस सरळ करून तो सांगानेरकडे निघून गेला. धूळ बसेपर्यंत ती थांबली. मग तिने आधी एका बाजूला पाहिले, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या, आणि कोणी येत नाही असे स्वतः पाहून माझ्या हाताचा आधार न घेता रस्ता ओलांडला.